रानतुरीच्या खुंट्या

दर वर्षी मार्च जवळ आला की कुठल्या ना कुठल्या कॉलेजातून मला भाषणासाठी फोन येतो. कुणाला तरी कळलेलं असतं की मी पानांतल्या हरितलवकावर काम करते आणि ते हरितलवक म्हणे फक्त आईकडून येतं. मग महिला दिनाला याहून गोड विषय कुठला? स्टेजवर गुलाबी पडदा असतो, समोर मुली बळंच आणून बसवलेल्या असतात, आणि प्राचार्य हळूच सुचवतात, "मॅडम, शेवटी आईचा वारसा वगैरे काहीतरी म्हणा." मी म्हणत नाही. झाडांच्या डोक्यावर आपली नाती लादू नयेत, असं मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगते. त्या सांगण्यात जितकं शास्त्र आहे तितकाच रागही आहे. तो राग माझ्या घरचा आहे, आणि तो स्टेजवर सांगण्यासारखा नाही.

आधी विषय सांगते, म्हणजे पुढची फजिती नीट कळेल. पान हिरवं दिसतं ते त्याच्या पेशींतल्या बारीक हिरव्या कणांमुळे. तेच हरितलवक. उन्हातून अन्न करायचं काम त्यांचं. झाडाची मुख्य जनुकं पेशीच्या केंद्रकात असतात, पण या हिरव्या कणांची स्वतःची वेगळी जनुकांची पोथी असते. लहानशीच, साधारण दीड लाख अक्षरांची, आणि कडबोळ्यासारखी टोकाला टोक जुळलेली. केंद्रकात आईबापाची सरमिसळ होते. हरितलवकात बहुतेक फुलझाडांमध्ये ती होत नाही, कारण परागकणातून ते पुढे जातच नाही, बीजांडातून जातं. म्हणून ही पोथी जशी मिळाली तशी झाड पुढे देतं, आणि कितीतरी पिढ्यांत कुठेतरी एखादं अक्षर बदलतं. दोन झाडांच्या पोथ्या शेजारी ठेवून कुठली अक्षरं बदलली ते पाहिलं, की ती एकमेकांपासून आधी दुरावली की नंतर याचा अंदाज लागतो. अशा पुष्कळ झाडांचा मिळून वंशवृक्ष काढतात. माझं पोट त्यावर चालतं.

मी हैदराबादला नोकरीला असते. सासर लातूरचं, माहेर कळंब तालुक्यात, येरमाळ्याहून आत. घरी आई, धाकटा भाऊ आणि भावजय. वडील गेले तेव्हा तलाठ्याने कायद्याप्रमाणे सातबाऱ्यावर वारसांची नावं लावली, त्यात आई आणि भावाबरोबर माझंही लागलं. त्या नावाबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही. आमच्याकडची रीत अशी, की बहिणीने सवडीने एकदा येऊन हक्कसोड करून द्यायची. कचेरीत जायचं, जमिनीवर माझा काही हक्क नाही म्हणून सही करायची, आणि येताना हॉटेलात सगळ्यांनी मिळून भजी खायची. सही न करणाऱ्या बहिणीचं नाव गावात कसं घेतात, तेही मी लहानपणापासून ऐकत आले होते. मला जमीन नको होती. सवड झाली नव्हती, एवढंच.

आमच्या शेताला लागून चुलतभावाचं शेत. मधे बांध. माझ्या लहानपणी त्या बांधावरून बैलगाडी जायची. पण बांध कोरण्याची विद्या आमच्याकडे घरोघर आहे. दर हंगामाला औत बांधाला जरा जास्त खेटून घालायचं, बांधातलं एक तास, म्हणजे औताची एक ओळ, आपल्या शेतात ओढायचं, आणि काहीच न झाल्यासारखं पुढं जायचं. इकडून आधी वडील, मग भाऊ. तिकडून आधी चुलते, मग चुलतभाऊ. दोन्ही बाजूंनी खाऊन खाऊन बांध माणूस जेमतेम चालेल एवढा उरला, आणि जास्त कुणी कोरलं यावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. लग्नाच्या पत्रिकासुद्धा तिसऱ्याच्या हाती जायच्या. मात्र उरलेल्या त्या पट्ट्याला कुणी हात लावायला धजत नव्हतं. तणनाशक मारलं तर भांडण, पेटवला तर भांडण. त्यामुळे तिथं जे उगवायचं ते सुखाने उगवायचं.

तिथं रानतूर होती. शेतातल्या तुरीची ही रानातली नातेवाईक. पण ती तुरीसारखी उभी राहत नाही, गवतावर वेलासारखी पसरते. पानं तीन-तीनची, तुरीच्या पानापेक्षा लहान, हाताला लवदार लागणारी. फूल पिवळं, शेंग बोटाच्या पेराएवढी आणि केसाळ, आत दगडासारखे कठीण दाणे. गावात तिला सगळे गवतच म्हणतात. शेळ्या आवडीने खातात, एवढीच तिची कीर्ती.

एका वर्षी महालक्ष्म्यांना मी गावी आले होते. बांधावर गेले आणि सवयीने थोडी पानं खुडली. नव्या चपलांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या खड्यांची पुडी येते ना, तसल्या खड्यांची पिशवी माझ्या पर्समध्ये कायम असते. त्यात पान टाकलं की लवकर वाळतं आणि आतली पोथी खराब होत नाही. मनात विशेष काही नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत तुरीच्या रानटी नातेवाइकांचा वंशवृक्ष करायचं काम चाललं होतं, त्यात आपल्या बांधाचंही एक पान असावं, एवढाच हावरेपणा.

पोथी वाचून आली तेव्हा मला वाटलं, पुड्यांची अदलाबदल झाली. पान रानतुरीचं, पण त्याचं हरितलवक रानतुरींच्या फांदीवर बसेना. ते जाऊन बसलं शेतातल्या तुरींमध्ये, आमच्या भागातल्या जुन्या वाणांच्या शेजारी. उरलेल्या पानातून पुन्हा वाचलं. तेच आलं. केंद्रकातली जनुकं तपासली, तर ती रानतुरीची. म्हणजे अंग एकीचं आणि हरितलवक दुसरीचं. असं कसं होतं, ते आम्हाला माहीत असतं. कधीकाळी शेतातल्या तुरीच्या फुलावर मधमाशीने बांधावरच्या रानतुरीचा पराग आणला असणार. त्यातून धरलेलं बी बांधावर पडलं आणि तिथंच उगवलं. त्या रोपाच्या फुलावर पुन्हा रानतुरीचाच पराग, पुढच्या रोपांवर पुन्हा तोच. असं पिढ्यान्‌पिढ्या होत गेलं की रूप, उंची, शेंग सगळं रानतुरीचं होतं. पहिल्या आईची खूण उरते ती फक्त हरितलवकात, डोळ्याला न दिसणारी. इतर झाडांत असं सापडलेलं आहे. तुरीत, आणि तेही माणसाच्या शेताच्या कडेला, मी तरी कुठं वाचलं नव्हतं.

प्रयोगशाळेतला एक मराठी सहकारी हसत म्हणाला, "म्हणजे शेताची लेक बांधावर काढलेली." मी त्याला तिथल्या तिथं गप्प बसवलं. असलं बोलायचं असेल तर महिला दिनाला जा, म्हटलं.

पण मी खूश होते. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं नुसत्या चिडक्या बाईचं बोलणं वाटेल. इतकी वर्षं मी दुसऱ्यांनी काढलेल्या वंशवृक्षांत एखादी फांदी इकडची तिकडे करत आले होते. आता माझ्या हाती माझी स्वतःची गोष्ट आली होती, आणि ती ज्या मातीत मी अनवाणी फिरले त्या मातीतून आली होती. आईला फोन करून मी सांगितलंही, की आपल्या बांधावर जगात कुठं नसलेलं झाड आहे. ती म्हणाली, "बरं. जेवलीस का?"

शोधनिबंध लिहिला. तपासणाऱ्यांनी तो परत पाठवला. एका झाडाच्या पानावर एवढा मोठा दावा कसा करता, असं त्यांचं म्हणणं. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं, मीही तेच विचारलं असतं. त्यांनी कळवलं होतं, त्याच जागेवरची पुष्कळ झाडं तपासा, प्रत्येकाची फुला-शेंगांसह वाळवलेली फांदी ठेवा म्हणजे झाड कुठलं ते नक्की होईल, आणि बी गोळा करा म्हणजे ज्याला संशय येईल तो पेरून बघेल. मी आधी दुसरीकडे शोधून पाहिलं. येरमाळ्याचा डोंगर चढले, ईट गावाच्या बाजूचे बांध पालथे घातले. रानतूर सगळीकडे मिळाली, पण सगळी साधी, रानतुरीचंच हरितलवक असलेली. वेगळी होती ती फक्त आमच्या बांधावरची. ती गेली असती तर दुसरीकडून आणता येणार नव्हती.

पुढच्या महालक्ष्म्यांना मी तयारीनिशी आले. बांबूच्या कामट्यांच्या खुंट्या, त्यांना लाल पट्टी, पट्टीवर नंबर. सकाळीच बांधावर गेले आणि एकेका झाडाशेजारी खुंटी रोवत निघाले. प्रत्येक झाडाची थोडी पानं पुडीत, त्याच नंबराची चिठ्ठी आत, आणि जागा नेमकी कळावी म्हणून मोबाईल हातात आडवा धरून उपग्रहावरून तिचा ठिकाणा टिपून घ्यायचा. फुलं यायला अजून वेळ होता. दिवाळीला आले की नंबर बघून त्याच झाडाची फुलं-शेंगा घ्यायच्या, असं ठरवलं होतं. आमच्या कामाची ही रोजची पद्धत, त्यात काही विशेष नाही. पलीकडच्या शेतातून चुलतभाऊ डोळ्यांवर हात धरून बघत होता. बोलणं बंद असल्यामुळे त्याने विचारलं नाही. थोड्या वेळाने त्याने मोटारसायकल काढली आणि तो गावाकडे गेला.

त्या दिवशी जेवताना भावाने विचारलं, "आक्का, त्या खुंट्या कशाच्या?"

मी सगळं सांगितलं. ताटात पोळीच्या दोन चतकोरांमध्ये भात ठेवून शेतं आणि बांध करून दाखवले, पराग कुठून आला असेल, बी कुठं पडलं असेल तेही दाखवलं. भाऊ मान हलवत होता. भावजय म्हणाली, "वन्सं, पुरण घ्या आणखी." आई माझ्या ताटाकडे बघत राहिली. मला वाटलं, हिला नवल वाटतंय.

"दिवाळीला मी येते," मी म्हटलं. "तोवर खुंट्या कुणी हलवायच्या नाहीत. एकही नाही. नंबर चुकले तर सगळं वाया जाईल."

हे मी चांगलं बजावून सांगितलं. आता वाटतं, नुसत्या रोवून गप्प निघून गेले असते तर शेळ्यांनी थोड्याफार पाडल्या असत्या, आणि बाकीचं वाचलं असतं.

दिवाळीत हैदराबादहून निघाले. गाडी उमरग्याला थांबली, तेव्हा ट्रकांच्या रांगेमागच्या टपरीवर चहा प्याले. उमरग्याकडचं एक खेडं हे आईचं माहेर, पण मी तिकडे लहानपणानंतर गेलेली नाही. तिथून येरमाळ्यापर्यंत मी मनातल्या मनात निबंधाची वाक्यं बदलत होते. पुड्यांतल्या पानांचे निकाल आले होते. खुंटी रोवलेल्या प्रत्येक झाडाचं हरितलवक शेतातल्या तुरीचंच निघालं होतं. म्हणजे पहिलं पान ही चूक नव्हती. आता फुलं-शेंगा आणि बी हातात आलं की कुणाला बोट ठेवायला जागा उरणार नव्हती.

घरी बॅग टाकली आणि चहा न घेता शेतात गेले. सोयाबीन निघालं होतं. मी आमच्या विहिरीपासून चालत गेले आणि चालतच राहिले, कारण बांध लागेना. मग लक्षात आलं की मी चुलतभावाच्या शेतात उभी आहे. वळून बघितलं तर दोन्ही शेतं मिळून एक काळा सपाट पट्टा झाला होता, त्यात जेसीबीच्या दातांचे ओरखडे, आणि मधोमध नव्या सिमेंटच्या खांबांची ओळ. मी खाली बसले. मातीत बोटं घालून काही मुळं मिळतात का ते बघत राहिले. मिळाली ती वाळून काडी झालेली. मुळावरून झाड ओळखता येत नाही असं नाही, पण काडीला फूल येत नाही. मला रडू आलं, आणि रडताना पुन्हा पुन्हा वाटत होतं की हे कुणाला सांगायला गेलं तर लोक हसतील.

चुलतभाऊ आला. इतक्या वर्षांत माझ्याशी तो पहिल्यांदा आपणहून बोलला. "कवा आलीस?"

"दादा, बांध कुठं गेला?"

"काडला की. तुज्या भावानं आन् म्या मिळून. जेसीबी लावला, दोन्ही रानं सपाट." तो मला आनंदाची बातमी देत होता. "लई बेस झालं बघ. आता आमी बोलतो. परवा तुमच्याकडं जेवायला बी आलतो."

"पण कशापायी काढला?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याची परीक्षा घेत होते. "तू खुंट्या रोवल्यावर काय करावं मानसानं? फोन धरून चालत व्हतीस, म्या बघितलं की. मोजनीवाले बी आता तसंच करत्यात. मोजनी आली म्हंजी कुनी किती कोरलंय ते उघडं पडनार. त्याचं बी आन् माजं बी. आन् एकदा तुला हिस्सा मिळाला, की माज्या बहिनी गप बसत्यात व्हय? मंग आमी दोघं बसलो, मधी खांब रोवलं आन् मिटवून टाकलं." मग मायेने म्हणाला, "तुमी बहिनी काय हात हलवीत जाताव का? साडी-चोळी करू की."

ज्या बांधापायी या दोघांनी एकमेकांची तोंडं बघणं सोडलं होतं, तो बांध त्यांनी एकदिलाने उपटून काढला होता, कारण बहिणी त्याहून मोठं संकट होत्या. माझ्या नखाएवढ्या लाल पट्ट्यांनी दोन घरांचं वैर मिटवलं होतं. एखाद्याला यात हसू येईल. मला अजून येत नाही.

घरी आले तेव्हा भाऊ ओसरीवर बसला होता. मला बघून उठला, पुन्हा बसला. त्याला कळलं होतं मी कुठून आले ते.

"मी तुला सगळं सांगितलं होतं ना? समोर बसवून सांगितलं होतं."

"सांगितलं व्हतंस." तो जमिनीकडे बघत होता. "पर आक्का, गवतासाठी हैदराबादवरनं कोन येतंय का? तुलाच कुनी असं सांगितलं असतं तर तुला खरं वाटलं असतं?"

मी मोबाईल काढला आणि त्याला वंशवृक्ष दाखवला. तुरींची फांदी कुठली, रानतुरींची कुठली, आणि तुरींच्या फांदीवर एकट्याच बसलेल्या त्या नावाभोवतीचं लाल वर्तुळ. त्याने मोबाईल हातात घेतला आणि खरोखर बघितलं, बोटाने मोठं करून बघितलं. मग म्हणाला, "ह्येच्यात आपल्या गावाचं नाव हाय?"

"छापून आलं असतं तर आलं असतं. आता कुणी विचारलं की झाड दाखवा, तर काय दाखवू? खांब?"

पानं होती माझ्याकडे, त्यांची अक्षरं संगणकात होती. दीड लाख अक्षरं, एकही न गाळता. पण कुठल्या झाडाची पानं आहेत ते सिद्ध करायला फूल नव्हतं, शेंग नव्हती, पेरायला बी नव्हतं. उद्या कुणी म्हणालं असतं की बाई, तुमच्या पुड्यांत रानतुरीबरोबर शेतातल्या तुरीचीही पानं मिसळली, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोथी वाचता येते, पोथीतून झाड उगवत नाही. हे मी भावाला सांगत होते आणि माझा आवाज चढत चालला होता. लाज नाही वाटली का, बहिणीला नुसतं विचारायलाही तोंड नव्हतं का, असलं बरंच काही मी बोलले. भावजय दारात पदर तोंडाशी धरून उभी होती.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "त्याला बोलू नगंस," ती म्हणाली. "बांध काडा म्हनून म्याच सांगितलं."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणाली ते. ती खाली बसली आणि संथपणे बोलायला लागली, जसं काही हे कधीतरी सांगायचं तिने ठरवूनच ठेवलं होतं.

"माज्या बापाची तिकडं काळी जमीन व्हती. भाऊ म्हनले, सही कर. म्या केली, मागं वळून बघितलं न्हाय. म्हनून आज बी दिवाळीला मला तितनं लुगडं येतंय. माज्या थोरल्या बहिनीनं हिस्सा मागितला. मिळाला बी तिला. पर तिच्या मयताला माहेरचं कुत्रं गेलं न्हाय." ती थांबली. "म्या बी गेले न्हाय."

मला मावशी होती, हेच मला त्या दिवशी कळलं.

"तुजं तसं व्हऊ नये म्हनून म्या ह्याला म्हनलं, काड तो बांध. मोजायला काय ऱ्हायलंच न्हाय म्हंजी तू बी इसरशील. तुजं माहेर राखलं म्या."

"आई, मी हिस्सा मागितलाच नव्हता."

"मागितला नव्हतास. मागनार व्हतीस. नाव लागल्यापासनं म्या वाट बघतीया."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिने मला मारायला काही केलं नव्हतं, वाचवायला केलं होतं. मी राग गिळला. माझ्यापुढे अजून एक वाट शिल्लक होती. रानतुरीचं बी फार कठीण असतं, त्याचं कवच लवकर फुटत नाही, कितीतरी वर्षं ते मातीत तसंच पडून राहतं. बांध सपाट झाला तरी त्याची माती तिथंच पसरलेली होती. नांगर फिरला नाही, तणनाशक पडलं नाही, तर तीन-चार पावसाळ्यांत थोडीफार झाडं वर येण्याची आशा होती. पण रब्बीची पेरणी तोंडावर होती.

"ऐक," मी भावाला म्हटलं. "बांध होता तेवढाच पट्टा पडीक ठेव. नांगरू नको, फवारू नको. काही उगवलं तर माझं नशीब. सुटी संपून कचेरी उघडली की तुझ्याबरोबर येते आणि हक्कसोड करून देते. सगळ्या जमिनीची. मला काही नको."

भावाने मान वर केली. माझा भाऊ वाईट नाही. त्याला खरंच वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "ठिऊ की," तो म्हणाला. "तेवढ्यानं काय जातंय? दादाला बी सांगतो."

"न्हाय," आई म्हणाली.

"आई, आगं दोन हात तर जागा हाय."

"न्हाय म्हनले ना. आज पट्टा म्हनती, उंद्या रान म्हनंल. आपल्या हातानं खूण ठिवायची न्हाय. त्याच्यावर बी ज्वारी पेर."

भावाने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि मग त्याने मान खाली घातली. तो आता वर बघणार नाही हे मला कळलं. बाहेर कुणाच्या तरी अंगणात फटाके वाजत होते. मी उभी राहिले. मी जे बोलले ते ठरवून बोलले नाही, पण शुद्धीत बोलले आणि त्यातलं काही मागे घेणार नाही.

"मग माझा हिस्सा द्या," मी म्हटलं. "कायद्याने माझा आहे. बांधाच्या बाजूनेच घेईन, आणि सगळा पडीक ठेवीन."

आई रागावेल, रडेल, असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिचे खांदे सैल पडले, आणि फार दिवसांची धास्ती एकदाची संपल्यासारखा तिचा चेहरा मोकळा झाला. ती माझ्याकडे न बघता भावाकडे वळली.

"बघ," ती म्हणाली. "म्या म्हनलं नव्हतं?"